मुकादम आवडणारी बाई

३ मार्च, रविवार

मालिकेच्या कालच्या भागात खाणीतल्या मुकादमानं मास्तरच्या तीन बरगड्या मोडल्या. आधी पोटात लाथ, तो वाकला की पाठीत पहार. मी ठरवलं होतं डोळे मिटायचे नाहीत, आणि मिटले नाहीत. पण आवाज साफ चुकीचा दिला होता. बरगडी मोडताना काठी मोडल्यासारखा आवाज येत नाही, बाहेर काहीच ऐकू येत नाही. एकोणीस वर्षं हॉस्पिटलात प्लॅस्टरच्या खोलीत काढलीत, मला कोण शिकवणार? नणंद म्हणाली, वहिनी, तू मालिका बघ, एक्स-रे बघू नकोस.

दुपारी नेहमीप्रमाणे शिंप्याच्या दुकानात जमलो. रविवारी दुकान बंद असतं, त्याचा टीव्ही मोठा आहे आणि तो स्वतः मालिकेपायी वेडा आहे. आम्ही नऊ जण. शनिवारचा भाग परत एकदा बघायचा आणि मग खटला चालवायचा, ही आमची तीन वर्षांची पद्धत. मालिकेतल्या कुणाचा तरी फोटो मशीनसमोरच्या स्टुलावर ठेवतात, मी फिर्याद मांडते, ज्याला बाजू घ्यायची तो घेतो, आणि मग शिंप्याच्या पत्र्याच्या डब्यात प्रत्येकानं एक बटण टाकायचं. काळं म्हणजे दोषी, पांढरं म्हणजे सुटला. शिक्षा मीच सुनावते. आजवर एकाला डांबरात बुडवलंय, एकीची जीभ उपटलीय, खाणीच्या मालकाला तर जिवंत भट्टीत घातलाय. हसून हसून पोट दुखतं सगळ्यांचं. वेल्डर तेवढा हसत नाही. तो मान हलवून 'बरोबर आहे' म्हणतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं मनगट मी बसवलं होतं, तेव्हापासून येतो. माझा शब्द खाली पडू देत नाही बिचारा.

आज नणंदेनं एक नवी बाई आणली. दुकानांच्या पाट्या रंगवते, म्हणून सगळे तिला पाटीवालीच म्हणायला लागले. आल्या आल्या मला म्हणाली, "मावशी, जरा सरकता का?" मावशी! फार तर आठ वर्षांनी लहान असेल माझ्याहून. बिस्किट खाताना तोंड मिटत नाही, आणि हसते ती सगळ्या गल्लीला कळावं अशी.

आज स्टुलावर मुकादम होता. मी फिर्याद मांडली, चांगली मांडली. तर ही मधेच म्हणते, "माणूस नीच आहे, त्यात प्रश्नच नाही. पण तो पडद्यावर आला की माझी नजर हटत नाही. तुमचा मास्तर सज्जन आहे, पण तो बोलायला लागला की मला झोप येते." सगळे खो खो हसले. नणंद तर तिच्या मांडीवर थाप मारून हसली. नणंदेला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवेना. तिचा भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघीच आहोत घरात.

आणि गंमत म्हणजे या बाईनं बटण काळंच टाकलं. मी पाहिलं. मुकादम आवडतो म्हणायचं आणि बटण काळं टाकायचं, म्हणजे दोन दगडांवर पाय. असली माणसं मला कळत नाहीत.

५ मार्च, मंगळवार

सकाळी एक गवंडी आला, खांदा निखळलेला. डॉक्टर ओढत होते आणि मी काखेत चादर घालून उलट बाजूनं ओढत होते. तो आईच्या नावानं ओरडत होता. मला ओरडणाऱ्याची दया येत नाही. दया आली की हात ढिला पडतो आणि हाड वाकडं बसतं. खांदा बसला.

दिवसभर पाटीवाली डोक्यात. जो माणूस बायकांना केसाला धरून खाणीत फरपटवतो तो एखाद्या बाईला आवडूच कसा शकतो? आवडीला काही पाया असतो की नाही? माणसाला काय आवडतं त्यावरून माणूस कळतो, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

नणंद म्हणाली की मग मास्तरनं चाळिसाव्या भागात पहारेकऱ्याला कड्यावरून ढकलला त्याचं काय. त्याला इलाज नव्हता तिथे! पहारेकरी ओरडला असता. उगाच काहीतरी फाटे फोडायचे.

१० मार्च, रविवार

आज हद्द झाली. पाटीवालीनं मुकादमाचं चित्र रंगवून आणलं. पत्र्यावर, पाटीच्या रंगात, हातभर लांब. तो पहारीवर दोन्ही हात ठेवून उभा. खोटं कशाला लिहू, चित्र चांगलं होतं. बोटांचे सांधेसुद्धा जिथल्या तिथे. म्हणूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा जीव ओतायला हाच माणूस सापडला?

शिंपी चित्राभोवती फिरतोय, त्याची बायको फोटो काढतेय, माझी फिर्याद ऐकायला कुणी नाही. खटला आज झालाच नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा.

आणि जाताना ते चित्र तिनं कुणाला दिलं? नणंदेला. नणंदेनं घरी येऊन ते बाहेरच्या खोलीत, माझ्या खुर्चीसमोर टांगलं. मी म्हटलं, काढ. ती म्हणाली, भिंत माझीपण आहे. मी खिळ्यासकट ओढलं. ओढताना तिचा हात मध्ये आला आणि पत्र्याची कड तळहातातून गेली. चांगली दोन इंच. मीच टाके घातले असते, पण तिनं हात पुढे केला नाही. फडकं गुंडाळून खोलीत गेली आणि कडी लावली.

मला पाटीवाली आवडत नाही असं काही नाही. ती आवडण्या न आवडण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

१४ मार्च, गुरुवार

एक वही केली आहे. पाटीवाली काय काय बोलली ते तारखेनिशी लिहून काढतेय. 'मुकादमाचे हात सुंदर आहेत.' 'वाईट माणूस नीट दाखवला तर मला मालिका आवडते.' 'मास्तर मेला तरी मी बघत राहीन.' तेरा मुद्दे झाले.

चौदावा आज आपसूक मिळाला. पाय मोडलेली एक बाई तिच्या शेजारची निघाली. तिच्याकडून कळलं की पाटीवालीनं आपल्या म्हाताऱ्या बापाला वृद्धाश्रमात ठेवलंय. मला धक्का बसला नाही. मुकादम उगाच आवडत नसतो कुणाला. मी प्लॅस्टर वाळेपर्यंत सगळं विचारून घेतलं.

घरी नणंद बोलत नाही. तिच्या हाताची जखम तिनं दुसऱ्या दवाखान्यात दाखवली. माझ्यासारखी घरात असताना.

१७ मार्च, रविवार

सविस्तर लिहिते, कारण नंतर लोक काहीही बोलतील.

कालच्या भागात मुकादमानं मास्तरचा उजवा हात दगडावर धरून हातोड्यानं ठेचला. मास्तर त्या हातानं मजुरांची पत्रं लिहायचा. मी रडले. सांगायला लाज कसली? नणंद आपल्या खोलीत मोबाइलवर बघत होती. तीन वर्षांत आम्ही एकही भाग वेगवेगळा पाहिला नव्हता.

आज दुकानात गेले तर पाटीवाली म्हणतेय, कसला जबरदस्त प्रसंग होता, हाताला घाम फुटला. आणि नणंद तिच्या शेजारी बसून मान हलवतेय. मग मी स्टुलावरचा फोटो उचलून बाजूला ठेवला आणि पाटीवालीला म्हटलं, आज तू बस.

ती हसत हसत बसली. तिला वाटलं, गंमत चाललीय. बाकीच्यांनाही तसंच वाटलं. मी वही काढली आणि एकेक मुद्दा वाचला. पाचव्या मुद्द्यापर्यंत हशा पिकत होता. दहाव्यापर्यंत हसणं गेलं होतं. तेराव्यानंतर मी बापाचं काढलं. ज्या बाईनं जन्मदात्याला परक्यांच्या हवाली केलं तिला मुकादम आवडणारच, असं म्हटलं.

पाटीवाली उठली नाही. एवढंच म्हणाली, "हे मालिकेत नव्हतं."

नणंद उठून मला गप्प करायला लागली. म्हणाली की ती रोज संध्याकाळी बापाला भरवायला जाते, त्याला आता कुणाची ओळखसुद्धा राहिलेली नाही, तुला काय ठाऊक. तू कशाला वकिली करतेस, असं मी म्हटलं आणि डबा फिरवला. लोकांनी बटणं टाकली. का टाकली, ते त्यांना विचारा. मी कुणाचा हात धरला नव्हता. सहा काळी, तीन पांढरी.

शिक्षा सुनावायची वेळ आली तेव्हा मी वही मिटली. मी म्हटलं, ज्या हातानं मुकादम रंगवला तो हात तसाच दगडावर ठेवून ठेचावा. दोघंतिघं हसले. वेल्डर म्हणाला, "बरोबर आहे."

पाटीवाली स्टुलावरून उठली, बिस्किटाचा पुडा उचलून पिशवीत टाकला आणि गेली. नणंद तिच्या मागोमाग. मला हलकं वाटतंय. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

१९ मार्च, मंगळवार

जेवण तसंच झाकून लिहायला बसलेय.

साडेअकराला स्ट्रेचर आलं. मी कापूस गुंडाळत होते, मान वर केली तर पाटीवाली. उजवा हात टॉवेलात. टॉवेल सोडला तर हात हातासारखा नव्हताच. मधल्या बोटाचं हाड कातडी फाडून वर आलेलं, पहिलं बोट उलटं वळलेलं, पंजा वांग्यासारखा फुगलेला आणि नखांत पिवळा रंग. मी असे हात यंत्रात सापडलेले पाहिलेत. माणसानं केलेला पहिल्यांदा पाहिला.

डॉक्टर म्हणाले, उद्या ऑपरेशन, तारा घालाव्या लागतील, तोवर धुऊन आधार बांध. ते बाहेर गेले. खोलीत आम्ही दोघी. मी तिचा पंजा माझ्या हातावर घेतला. ती ओरडली नाही, नुसती दात आवळून होती. कुणी केलं, असं मी विचारलं. खरंच विचारलं, मला सुचलंच नव्हतं.

ती म्हणाली, "तुमच्या वेल्डरनं."

किराणा दुकानाची पाटी रंगवत होती. रंग कालवायला शिडीवरून उतरली तर हा उभा. मनगट धरून तिला पायरीपाशी बसवलं, हात दगडी पायरीवर ठेवला आणि खिशातून हातोडा काढला. मारण्याआधी म्हणाला, "शिक्षा झाली आहे तुम्हाला." अहो-जाहो करून. दोनदा मारलं. मग हातोडा बाजूला ठेवून तिथेच पायरीवर तिच्याशेजारी बसला, पोलीस येईपर्यंत. दुकानदार काठी घेऊन त्याच्या डोक्यात घालत होता तरी उठला नाही.

तिनं मला विचारलं, ब्रश धरता येईल का. मी म्हटलं, बघू. मी एकोणीस वर्षं लोकांना 'बघू' म्हणतेय आणि त्याचा अर्थ मला माहीत आहे.

पट्टी बांधताना तिची एक किंकाळी निघाली आणि माझा हात ढिला पडला. डॉक्टरांनी आत येऊन पाहिलं, म्हणाले हे काय बांधलंय, सोड आणि परत बांध. म्हणजे तिला सगळं दुसऱ्यांदा सोसावं लागलं.

२२ मार्च, शुक्रवार

पोलीस शिंप्याकडे येऊन गेले. शिंप्यानं सांगितलं, आम्ही फक्त टीव्ही बघतो. त्याच्या बायकोनं तेच सांगितलं. बटणांचा डबा कुठे गेला कुणास ठाऊक. सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलंय आणि मला फोन करून विचारतात की तू तर काही बोलली नाहीस ना.

वेल्डर चौकीत एकच सांगतोय, शिक्षा झाली होती. कुणी दिली म्हटलं की गप्प. हवालदारानं म्हणे दोन दिवस चांगलाच चोपला त्याला, समोरचा दात पाडला, तरी माझं नाव घेतलं नाही. वेड्यात काढलंय त्याला सगळ्यांनी.

मी मनाशी नीट विचार केला. खटल्यातलं बोलणं खरं धरायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. खाणमालकाला भट्टीत टाका म्हटलं तेव्हा कुणी भट्टी शोधायला गेलं होतं का? वेल्डरच्या डोक्यात कमी आहे त्याला मी काय करू? आणि पाटीवालीवर अन्याय झाला हे खरं असलं, तरी त्यामुळे माझे चौदा मुद्दे खोटे ठरत नाहीत.

हे सगळं मी नणंदेला ऐकवलं. बारा दिवसांनी ती घरात माझ्याशी बोलली. म्हणाली, "वहिनी, तुला ती आवडत नव्हती. मी तिच्याशेजारी बसले म्हणून आवडत नव्हती. तेवढं म्हणाली असतीस तर मी तुझ्याशेजारी येऊन बसले असते."

मी तिच्या अंगावर कप फेकला. भिंतीला लागला. ती म्हणाली, आता मलाही वेल्डरसारखं नीट बसवून मार, मी हलत नाही. मग मीच खाली बसून काचा वेचल्या.

२७ मार्च, बुधवार

पाटीवालीची पट्टी बदलायची होती. ऑपरेशन झालंय, चार तारा आहेत. पहिलं बोट वाकणार नाही, हे डॉक्टरांनी तिला आज सांगितलं. तिनं डाव्या हातानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, चला, उरका.

मी पट्टी सोडत होते तेवढ्यात हवालदार आला. जबाबात एक गोष्ट राहिली म्हणाला. त्या वेल्डरला कुणी फूस लावली होती का? कुणाचं नाव घ्यायचंय का?

पाटीवालीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा हात माझ्या दोन्ही हातांत होता, उघडा, टाक्यांसकट. तिनं माझं नाव घेतलं असतं तर मी आज हे लिहायला घरी नसते. ती म्हणाली, "हातोडा त्यानं मारला. दुसऱ्या कुणी मला हात लावला नाही." हवालदारानं लिहून घेतलं आणि गेला.

मला वाटलं, तिनं मला माफ केलं. मी तसं म्हटलंही, आभार मानले, रडायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली, मुकादमाकडे बघायची तशी, नजर न हलवता.

म्हणाली, "गैरसमज नको. मला तुम्ही पहिल्या दिवसापासून आवडला नाहीत. तुमचा आवाज आवडत नाही, तुमचं बोट नाचवणं आवडत नाही. आता तर तुमचा चेहरा दिसला की उलटी येते. म्हणूनच दोन दिवस विचार केला. मला राग आहे म्हणून तुमच्या नावावर जास्तीचं काही घालायचं नाही. जेवढं मी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं."

मी विचारलं, मग मी काय केलं असं तुला वाटतं?

ती म्हणाली, "ते तुम्हाला माहीत आहे. ते माझ्या जबाबात कशाला?"

मग तिनं हात पुढे केला आणि मी पट्टी बांधली. ना घट्ट ना ढिली, आयुष्यात बांधली नसेल इतकी नीट. तिनं आभार मानले नाहीत.

२९ मार्च, शुक्रवार

दोन दिवस वही उघडून बसतेय. चौदा मुद्दे परत परत वाचले. प्रत्येक मुद्द्यात पाटीवाली काय बोलली ते आहे. तिनं कुणाला काय केलं, असं एकातही नाही. बापाचा मुद्दा तर मी ऐकीव घेतलेला, आणि तोही अर्धाच. एवढं मोठं आरोपपत्र आणि त्यात गुन्हाच नाही. मी शोधला, देवाशपथ शोधला.

मग दुसऱ्या पानावर मी काय केलं ते लिहून पाहिलं. माझं तीन ओळींत आटोपलं.

दुपारची सुट्टी टाकून चौकीत गेले. आतल्या खोलीतून वेल्डर खोकत होता. मी आलेय हे त्याला कळलं असावं, कारण खोकला थांबला. हवालदार म्हणाला, बाई, तुम्ही प्लॅस्टरवाल्या ना, काय काम काढलंत? मी म्हटलं, जबाब द्यायचाय. तो वैतागला. केस सरळ आहे, आरोपीला कबूल आहे, तुम्ही कशाला मधे पडता म्हणाला. पण कागद काढला. बोला म्हणाला, पहिल्यापासून.

पहिल्यापासून म्हणजे कुठून, हे मला आधी कळेना. हातोड्यापासून सुरू करावं तर ते वेल्डरचं. शिक्षेपासून करावं तर ते अर्धंच. मग मी म्हटलं, लिहा, ती बाई मला आवडत नव्हती.

त्यानं पेन थांबवलं. म्हणाला, "बाई, हा काही गुन्हा नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे. एवढ्यावरच थांबायला हवं होतं मी. आता पुढचं लिहा."